औषधनिर्माता : विक्रेता की आरोग्यसेवक?

दीर्घकालीन आजार म्हणजे भरल्या पोटाचे आजार, हा समज चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांच्या मनातूनही अद्याप गेलेला नाही. पटकी, हिवताप आणि क्षय गरिबांचे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार श्रीमंतांचे, अशी वाटणी फार काळ गृहीत धरली गेली. या वाटणीला खोटे पाडणारा पुरावा म्हैसूर शहरातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्यांत कित्येक वर्षे पडून होता. होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशनच्या रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बालकांचे वजन, लांबी आणि त्यांच्या मातांचे वजन नेटकेपणाने लिहून ठेवलेले होते. १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या आणि पुढे त्याच परिसरात राहिलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांना शोधून त्यांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे प्रमाण ११ टक्के होते. तीन किलोहून अधिक वजनाने जन्मलेल्यांत ते ३ टक्के होते. ज्यांची आईही गरोदरपणी ४५ किलोहून हलकी होती आणि जे स्वतःही कमी वजनाचे जन्मले, त्यांच्यात हे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. आणि या देशात गरोदरपणी हलकी असलेली आई म्हणजे बहुतेक वेळा अर्धपोटी आई.

हृदयविकाराची मुळे अशी गरिबीच्या गर्भापर्यंत जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. एवढी मोठी संख्या केवळ बंगल्यांत राहणाऱ्यांची असू शकत नाही. ती गिरणीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराची आहे, शेतमजुराची आहे, घरी बसून विडी किंवा उदबत्ती वळणाऱ्या बाईची आहे.

या आजारांचे एक वैशिष्ट्य धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, किंवा येऊनही ते त्याकडे काणाडोळा करतात. न्यूमोनियाचा रोगी रुग्णालयात येतो, बरा होतो, घरी जातो. मधुमेहाचा रोगी बरा होत नाही. त्याला आयुष्यभर औषध घ्यावे लागते. महिन्यातला एक दिवस तो डॉक्टरपुढे असतो, तोही दोन-चार मिनिटे. उरलेले एकोणतीस दिवस त्याचा उपचार त्याच्या घरात, त्याच्या समजुतीप्रमाणे आणि त्याच्या खिशाप्रमाणे चालतो. या एकोणतीस दिवसांची जबाबदारी कोणाची? औषध हातात देणाऱ्या माणसाशी रोग्याची गाठ सर्वाधिक वेळा पडते. पण हा माणूस आपल्याकडे उपचाराच्या व्यवस्थेत मोजलाच जात नाही. सरकारी कागदोपत्री त्याला 'औषधनिर्माण अधिकारी' म्हणतात. तो औषध निर्माण करीत नाही आणि त्याला कसला अधिकारही नसतो. लोक त्याला 'कंपाउंडर' किंवा 'मेडिकलवाला' म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत त्याचे समाजातील खरे स्थान येऊन जाते.

म्हैसूरमध्ये काय घडले

हे स्थान बदलता येते का, याचा देशातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक म्हैसूरमध्ये झाला, म्हणून मराठी वाचकाने त्या शहराकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. तेथील जेएसएस औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९७३ साली सुरू झाले. त्याच वर्षी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. (शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून मैसूरु असे आहे.) महाविद्यालय चालवणारी संस्था सुत्तूर मठाच्या आश्रयाखालील आहे, म्हणजे ही सरकारी संस्था नव्हे, खाजगी न्यासाची आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

त्या काळी भारतातील औषधनिर्माणशास्त्राचे सारे शिक्षण कारखान्याकडे तोंड करून उभे होते. गोळी कशी दाबायची, तिच्यातील द्रव्य कसे मोजायचे, ती बाजारात कशी न्यायची, हे विद्यार्थ्याला शिकवले जाई. ती गोळी पोटात गेल्यावर माणसाचे काय होते, हे शिकवण्याची गरज कारखानदाराला नव्हती, म्हणून अभ्यासक्रमालाही नव्हती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांनी रुग्णालयातील प्रत्यक्ष कामावर आधारलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटल या सार्वजनिक रुग्णालयातील अनुभवी औषधनिर्मात्यांचे त्याला साहाय्य होते. या सहकार्यातूनच जी. पार्थसारथी, कॅरिन निफोर्ट-हॅन्सन आणि मिलाप नहाता यांनी संपादित केलेले या विषयाचे भारतीय पाठ्यपुस्तक २००४ साली निघाले, आणि देशभरातील विद्यार्थी ते वाचू लागले.

प्रत्यक्षात बदल असा झाला की औषधनिर्माता खिडकीच्या आडून बाहेर आला आणि वॉर्डात गेला. डॉक्टरांच्या फेरीबरोबर तो रोग्याच्या खाटेपाशी उभा राहू लागला, केस पेपर वाचू लागला, रोगी घरून कोणकोणती औषधे घेऊन आला आहे हे विचारू लागला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे, डॉक्टरांना व परिचारिकांना औषधाविषयी माहिती पुरवणे, घरी जाताना रोग्याला समजेल अशा भाषेत औषध समजावून सांगणे ही त्याची नित्याची कामे झाली. यात चमत्कार काही नाही. पण या साध्या कामांत किती जीव गुंतलेले असतात, हे काही उदाहरणांनी पाहणे आवश्यक आहे, कारण 'समुपदेशन' हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्याखाली काहीही खपते.

म्हैसूरची उदबत्ती जगभर जाते. ती वळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात, बऱ्याच घरी बसून, नगावर मजुरी घेऊन. समजा, अशी एक साठीची बाई रुग्णालयात आली. तिला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, आणि दिवसभर एका बैठकीत वाकून काम केल्याने गुडघे व कंबर दुखते. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरने दिली, मधुमेहाची दुसऱ्याने. दुखण्यावरची गोळी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच आणते आणि रोज घेते. ही तिसरी गोळी शरीरात पाणी व मीठ साठवते, पहिल्या गोळीचा परिणाम कमी करते आणि आधीच मधुमेहाने थकलेल्या मूत्रपिंडावर घाव घालते. डॉक्टर तिचा रक्तदाब मोजतो, तो वाढलेला दिसतो, म्हणून आणखी एक गोळी लिहितो. खर्च वाढतो, बाई एक दिवसाआड गोळ्या घेऊ लागते. या सगळ्या साखळीत चूक कोणा एकाची नाही. सगळी औषधे एका ठिकाणी मांडून पाहणारा माणूसच कोठे नाही. तो असता तर त्याने तिच्या पिशवीतील सर्व पाकिटे टेबलावर ओतायला लावली असती. काम एवढेच, पण ते जाणकाराचे आहे.

इन्सुलिनचे उदाहरण याहून धडधडीत आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतांश मिलिलीटरमध्ये ४० युनिट या मापाच्या असतात, पण १०० युनिटचे मापही प्रचारात आहे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० च्या कुपीतील औषध १०० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढले, तर रोग्याला वीस नव्हे, आठच युनिट मिळतात, आणि 'औषध लागू पडत नाही' असा बोभाटा होतो. उलट, १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी अदलाबदल झाली, तर वीसऐवजी पन्नास युनिट शरीरात जातात आणि रोगी बेशुद्ध पडू शकतो. टोपणाचा रंग दाखवून ही गोष्ट सांगायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट देण्याचे काम कोणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेले नसते.

क्षयाचा आणि मधुमेहाचा संग तर गरीब वस्त्यांत नित्याचा आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला असे काही कामाला लावते की मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. साखर वाढते, आणि वाढलेल्या साखरेत क्षय लवकर बरा होत नाही. क्षयाचा कार्यक्रम एका खात्याचा, मधुमेहाचा दुसऱ्या कार्यक्रमाचा. रोग्याचे शरीर मात्र एकच.

ज्ञान कोठे गेले?

इतके उपयुक्त काम म्हैसूरमध्ये पाव शतकापूर्वी उभे राहिले, तर ते देशभरातील सरकारी रुग्णालयांत का पोचले नाही? शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर ते फोफावले. २००८ साली सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम देशात सुरू झाला: पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. महाराष्ट्रासह सर्वत्र खाजगी महाविद्यालयांनी तो उचलला, कारण त्याचे शुल्क लाखांच्या घरात जाते. २०१५ च्या औषध-व्यवसाय विनियमांनी रोग्याला औषध समजावून सांगणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णालयातील चिकित्सा-औषधनिर्मात्याला कागदोपत्री ओळख दिली. ओळख मिळाली, पण जागा निर्माण झाल्या नाहीत. सरकारी आरोग्यखात्यात फार्म.डी. झालेल्यांसाठी पदांची अशी श्रेणीच जवळजवळ नाही. जेथे आहेत ती जुनी पदविकेची पदे, आणि तीही वर्षानुवर्षे रिकामी ठेवून कंत्राटावर भरली जातात.

मग हे तरुण जातात कोठे? काही परदेशी जातात. अनेक बंगळूर आणि हैदराबाद येथील कंपन्यांत संगणकापुढे बसतात. तेथे त्यांचे काम काय, तर युरोप-अमेरिकेतील रोग्यांना झालेल्या औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल वाचून त्यांची नोंद करणे. कारण तेथील कायद्याने औषध कंपन्यांना ते बंधनकारक आहे आणि भारतात ते स्वस्तात करून मिळते. जर्मनीतील एखाद्या वृद्धेला गोळीने पुरळ आले, तर त्याची नोंद भारतातील एक प्रशिक्षित औषधनिर्माता बारकाईने घेतो. नंजनगुडच्या शेतमजुराला तीच गोळी घेऊन पुरळ आले, तर ते विचारायला कोणी नसते. भारताचा स्वतःचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, म्हैसूरचे रुग्णालय त्यातील केंद्र आहे; पण अशी केंद्रे प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत आणि बहुसंख्य रोगी त्यांच्या बाहेर आहेत. बेल्लारीच्या सरकारी रुग्णालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि शिरेतून देण्याच्या द्रवाच्या दर्जावर बोट ठेवले गेले, तेव्हा औषधावर पाळत ठेवणाऱ्या प्रशिक्षित डोळ्यांची किंमत कर्नाटकाला कळली. कळली ती जीव गेल्यावर.

म्हैसूरच्या कामातील उणीव येथेच आहे, आणि ती त्या लोकांच्या परिश्रमाला कमी न लेखता सांगितली पाहिजे. खाजगी न्यासाच्या रुग्णालयात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून जी सेवा देतात, तिचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. विद्यार्थी आहेत म्हणून खाटेपाशी औषधनिर्माता आहे. जेथे महाविद्यालय नाही, तेथे तो नाही.

भिंतीवरचे प्रमाणपत्र

रुग्णालयाबाहेर रोग्याला गाठ पडते ती दुकानाची. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असे बंधन घातले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षाचा हा कायदा. त्याची जितकी उघड पायमल्ली झाली तितकी फार थोड्या कायद्यांची झाली असेल. प्रमाणपत्र भिंतीवर आणि प्रमाणपत्राचा मालक दुसऱ्याच गावी, ही पद्धत महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. पदविका घेतलेल्या तरुणाने आपले प्रमाणपत्र दुकानदाराला महिन्याच्या ठरलेल्या रकमेला 'लावायचे' आणि दुकानात दहावी नापास पोऱ्याने औषध द्यायचे. २०११ ते २०१४ या काळात महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त महेश झगडे यांनी औषधनिर्माता दुकानात हजर नसेल तर कारवाई, असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचे अस्त्र उगारले. त्यांचे म्हणणे असे की इतके औषधनिर्माते मिळत नाहीत. दरवर्षी हजारो पदविकाधारक बाहेर पडणाऱ्या राज्यात हा युक्तिवाद करण्यात आला, आणि त्या वेळी बेकार औषधनिर्मात्यांचा आवाज विक्रेत्यांच्या आवाजाखाली दबून गेला.

तरीही दुकानातील कर्मचाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्याचा पगार विक्रीवर चालतो. गोळ्यांची संख्या कमी करावी, दुखण्यावरची गोळी रोज घेऊ नये, स्वस्त पर्याय घ्यावा, हा सल्ला देणारा औषधनिर्माता मालकाचे नुकसान करीत असतो. महागड्या नावाच्या गोळीवर दुकानदाराला अधिक सूट मिळते. तीच गोळी तो पुढे करतो. एकाच द्रव्याची शेकडो नावे बाजारात असल्यामुळे रोगी दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली तीच गोळी दुप्पट घेत राहतो. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ द्रव्याची नावे वापरात आणावीत, अशी शिफारस केली होती. त्यानंतर अर्धे शतक उलटले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने औषध लिहिण्याचे बंधन घालणारे विनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. मूळ नावे सक्तीची झाली तर कोणती गोळी द्यायची हा निर्णय दुकानदाराच्या हाती जाईल, हा डॉक्टरांचा आक्षेप खोटा नाही. विक्रीवर जगणारा औषधनिर्माता तसाच राहिला, तर नावाच्या सुधारणेचा फायदाही व्यापारीच उचलतील. या दोन सुधारणा एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत, हे हाथी समितीचा अहवाल वारंवार उद्धृत करणाऱ्या पुरोगामी मंडळींनीही पुरेसे मांडलेले नाही.

चमू कोणाचा?

'सांघिक उपचार' हा शब्द आता मोठ्या रुग्णालय-साखळ्यांच्या जाहिरातींतही दिसतो, तेव्हा त्याचा वर्गीय आशय तपासून घेणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधनिर्मात्याच्या भूमिकेवर विचार करण्यासाठी नेमलेल्या सल्लागार गटाची पहिली बैठक डिसेंबर १९८८ मध्ये नवी दिल्लीतच झाली होती. तिच्या यजमान देशाने पुढे तिच्यापासून काय घेतले, याचे उत्तर वर आलेच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल या शहराच्या प्रशासनाने १९९६-९७ पासून आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक योजना चालवली. दुकानातील औषधनिर्मात्यांनी या कर्मचाऱ्यांना ठराविक काळाने भेटावे, तपासावे, शिकवावे, आणि त्याबद्दल प्रशासनाने त्यांना मोबदला द्यावा. कर्मचाऱ्यांवर मधुमेहाच्या औषधांचा भार पडू नये. साखर आटोक्यात आली, आजारपणाच्या रजा कमी झाल्या, एकूण खर्चही उतरला. त्या देशातील विमाधंद्याला या योजनेत फक्त खर्च उतरलेला दिसला. खरे सूत्र दुसरे होते: औषध रोग्याला फुकट होते आणि औषधनिर्मात्याला मिळालेला मोबदला वेळेचा होता, विक्रीचा नव्हता. या दोन अटींपैकी एक काढून घेतली की उरते ते गोड बोलून जास्त माल खपवण्याचे तंत्र.

क्यूबात दीर्घकालीन रोग्याची नोंद त्याच्या वस्तीतील औषधालयात असते. डॉक्टरच्या प्रमाणपत्रावरून एक पत्रक बनते आणि त्यावर दरमहा ठरलेले औषध त्याच औषधालयातून मिळते. औषधालयाला आपल्या वस्तीत कोणाला कोणते औषध हवे हे ठाऊक असते. अमेरिकेच्या नाकेबंदीने आणि आर्थिक संकटाने गेल्या काही वर्षांत तेथे औषधांचा तीव्र तुटवडा पडला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नोंद उत्तम असली तरी कपाटात गोळी नसेल तर रोग्याला ती पुरत नाही.

भारतात याच्या जवळ जाणारे काम झाले आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातही झाली. राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. मोजकी, ठरलेली औषधे. प्रत्येक रोग्याला एका वेळी महिन्याची गोळी. रक्तदाब परिचारिकेने मोजायचा, नोंद एका पत्रकावर. आणि औषधाचा साठा संपण्याआधी मागणी. यात काहीही खर्चिक नव्हते. केंद्र सरकारने २०२२ साली सांगितले की उपचाराखाली असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. या निम्म्यांच्या यशात औषध-भांडाराचा हिशेब ठेवणाऱ्या औषधनिर्मात्याचा वाटा किती मोठा आहे, हे सत्काराच्या छायाचित्रांत दिसत नाही. महिन्याची गोळी एकदम मिळाली नाही तर शेतमजूर बाई दर आठवड्याला रोज बुडवून येत नाही. ती येणेच सोडून देते.

उलट, मोठ्या गाजावाजाने २०१८ साली आणलेल्या आयुष्मान भारत विम्यातून मधुमेह्याची रोजची गोळी मिळत नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावर, म्हणजे पाय कापण्याची किंवा हृदयावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यावर, विमा पैसे देतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य-लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भाग लोकांच्या खिशातून जातो, आणि त्यातील मोठा वाटा औषधांचा असतो. म्हैसूरचा आयडियल जावा मोटरसायकलचा कारखाना १९९६ साली बंद पडला. कारखाना असेपर्यंत राज्य कामगार विमा योजनेतून औषध मिळणारा कामगार कारखाना गेल्यावर काही काळाने त्या छत्राबाहेर पडतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला हे सांगावे लागत नाही. नोकरी जाते त्याच वयात रक्तदाब येतो.

मागणीपत्रकात काय असावे

महाराष्ट्रातील कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या अखेरीस दीर्घ संप केला, आणि आशा सेविकांनी २०२३-२४ मध्ये दोनदा काम बंद केले. कंत्राटी कर्मचाऱ्यांत औषधनिर्माण अधिकारीही होते. कायम करा, समान वेतन द्या, या त्यांच्या मागण्या न्याय्य आहेत आणि त्यांना निरपवाद पाठिंबा दिला पाहिजे. परंतु संपाच्या काळात औषधाच्या खिडकीपुढे परत फिरलेल्या रोग्याला हा लढा आपला वाटला का? बहुतेक ठिकाणी वाटला नाही. कारण मागणीपत्रकात खिडकीच्या अलीकडच्या माणसाविषयी एक ओळही नव्हती. औषधनिर्मात्याच्या संघटनेने कायम पदाबरोबरच दर इतक्या रोग्यांमागे एक औषधनिर्माता, औषध समजावून सांगण्यासाठी वेगळी बसण्याची जागा आणि वेळ, महिन्याच्या औषधाची हमी या मागण्या पुढे केल्या, तर खिडकीपुढची रांग संपाच्या विरोधात उभी न राहता त्याच्या बाजूने उभी राहण्याची शक्यता आहे. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले, राजस्थानने २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध सुरू केले. तेथेही औषध आले, पण औषध सांगणारा माणूस पुरेसा आला नाही. महाराष्ट्राने खरेदीची व्यवस्था वारंवार बदलली आणि दोन्ही गोष्टी अर्धवट ठेवल्या.

एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. डॉक्टर नाहीत म्हणून औषधनिर्मात्याला डॉक्टर करा, हा सरकारचा स्वस्त मार्ग आहे आणि त्याला बळी पडता कामा नये. औषधनिर्मात्याने रोगाचे निदान करावे अशी मागणी कोणी करीत नाही. डॉक्टरने निदान करावे, परिचारिकेने मोजमाप व शुश्रूषा करावी, आशाने घरी जाऊन विचारपूस करावी आणि औषधाचा जाणकार माणूस औषधाविषयी बोलावा. प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचे पूर्ण वेतन. आज आशाच्या पिशवीत गोळ्या कोंबून मानधनावर चमू चालवला जातो.

स्थानिक शाखांना यासाठी राज्य पातळीवरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्मात्याचे मंजूर पद भरलेले आहे का, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या मूळ गोळ्या आज किती दिवसांच्या शिल्लक आहेत, रोग्याला त्या सात दिवसांच्या मिळतात की तीस, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. साठा-नोंदवही दाखवायला औषधनिर्माता बहुधा राजी असतो. तीच त्याचीही तक्रार असते.

म्हैसूरच्या नैऋत्येला हेग्गडदेवनकोटे तालुका आहे. काबिनी धरणाने आणि अभयारण्याने विस्थापित केलेले जेनू कुरुब आणि काडू कुरुब आदिवासी त्याच्या जंगलकडेच्या हाडींत राहतात. तेथील एखादा रोगी शहरातील रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा प्रशिक्षित औषधनिर्माता त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो, सिरिंजच्या टोपणाचा रंग दाखवतो, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे पाकिटावर खुणा करून देतो. मग तो बसमध्ये बसतो. त्याच्या गावाला सर्वांत जवळचे सरकारी आरोग्यस्थान म्हणजे उपकेंद्र. देशभरातील उपकेंद्रांना आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव देण्यात आले आहे, आणि रक्तदाब-मधुमेहाची औषधे तेथेच मिळावीत असे धोरण आहे. त्या उपकेंद्रासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आरोग्य सेविका आहे, आरोग्य सेवक आहे. औषधनिर्माता त्या यादीत नाही.